खूण नसलेला आकडा

लेकाच्या पोटऱ्यांवर लालसर-जांभळे ठिपके उठले तेव्हा मला वाटलं, डास चावले असतील. बोटाने दाबून पाहिलं. डासाचा लाल डाग दाबला की क्षणभर फिका पडतो. हे ठिपके फिके पडेनात, आणि हाताला बारीक उंचवटे लागत होते. दोन दिवसांत घोटा सुजला, पोटात कळा सुरू झाल्या. बालरोगतज्ज्ञांनी पाय बघितल्या बघितल्या निदान सांगितलं, आयजीए व्हॅस्क्युलायटिस. जुनं नाव हेनॉख-शोनलाइन परप्युरा. बारीक रक्तवाहिन्यांना येणारा दाह.

"त्वचा, सांधे, पोट, हे सगळं आपलं आपण निवळेल," ते म्हणाले. "माझं लक्ष लघवीवर राहील. तुमचंही राहू द्या, सहा महिने."

सहाच महिने का, तर या आजारात किडनीला झळ लागायची असेल तर बहुतेक मुलांना ती पहिल्या चार ते सहा आठवड्यांत लागते, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना सहा महिन्यांच्या आत. ठिपके गेले, सूज उतरली, पोरगं पुन्हा उड्या मारायला लागलं, की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. किडनी नेमकी त्याच सुमारास कुरकुर सुरू करते, आणि तीही न दुखता. म्हणून ही पाळत ठेवायची.

मी हिशेबतपासणीचं काम करते. पाळत म्हटली की मला वही लागते. त्या रात्रीच रकाने आखले. तारीख, वजन, रक्तदाब, पट्टीवरचं रक्त, पट्टीवरचं प्रोटीन, बाकी काही. पुढे त्यात इतके रकाने वाढले की वही आडवी धरून लिहायची वेळ आली.

पट्टी म्हणजे लघवीत बुडवायची प्लॅस्टिकची चपटी काडी, तिच्यावर रंगीत चौकोन. प्रोटीन असेल तर पिवळा चौकोन हिरवट होत जातो. रक्ताच्या चौकोनावर हिरवे ठिपके येतात, नाहीतर तो सबंधच हिरवा होतो. मिनिटभर थांबून डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. हे काम थोरलीने, म्हणजे त्याच्या ताईने, अंगावर घेतलं. तिची नजर माझ्यापेक्षा तेज, आणि भावाच्या शूवर सत्ता गाजवण्याची संधी ती सोडणार थोडीच!

खरी कसरत होती सकाळची पहिली लघवी पकडण्याची. पहिलीच का, हे मला नंतर कळलं. काही मुलांच्या लघवीत दिवसभर उभं राहिल्या-खेळल्याने थोडं प्रोटीन येतं आणि आडवं झालं की थांबतं. तो आजार नव्हे. रात्रभर झोपून उठल्यावरच्या नमुन्यात ते मिसळत नाही. शिवाय ताप असेल, आदल्या दिवशी दमेस्तोवर धावपळ झाली असेल, तरी प्रोटीन तात्पुरतं वाढतं. म्हणजे झोपण्याआधी त्याला एकदा पाठवायचं, आणि सकाळी त्याचे डोळे उघडायच्या आत डबी घेऊन उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात तीनदा तो आमच्याआधी उठून जाऊन आला. "मी स्वतःचा स्वतः गेलो!" हे वर शाबासकीच्या अपेक्षेने.

चार आठवडे पट्टी पिवळीच्या पिवळी राहिली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ताई बाथरूममधून ओरडली, "आई, ठिपके!" मला वाटलं पायावर. ठिपके पट्टीवर होते. रक्ताचा चौकोन बारीक हिरव्या टिपक्यांनी भरला होता आणि शेजारचा प्रोटीनचा चौकोन एक पायरी चढला होता. लघवी दिसायला मात्र नेहमीसारखीच. डोळ्यांना दिसेल इतकं रक्त त्यात नव्हतंच.

इथे आमच्याकडून पहिली चूक झाली. नमुना डबीत भरला, डबी पिशवीत टाकली, मुलांना शाळेत सोडलं, एक काम आटोपलं, आणि मग लॅबमध्ये नेऊन दिली. मध्ये चारेक तास सहज गेले असतील. संध्याकाळी रिपोर्ट आला, रक्तपेशी: आढळल्या नाहीत. आम्ही खूश. बालरोगतज्ज्ञ खूश झाले नाहीत. त्यांनी विचारलं, "डबी किती वाजता भरली आणि किती वाजता दिली?"

लघवी उबेत पडून राहिली की तांबड्या पेशी फुटतात. पट्टीला फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन कळतं, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी उरलेल्याच नसतात. आणि याहून मोलाचा पुरावा म्हणजे कास्ट, तोही विरघळून जातो. कास्ट म्हणजे किडनीच्या बारीक नळीत पेशी आणि प्रोटीन थिजून तयार झालेला साचा. नळीच्या आकाराचा, लांबुळका. तांबड्या पेशींचा असा साचा सापडला तर रक्त मूत्राशयातून वगैरे आलेलं नाही, थेट किडनीच्या गाळणीतून आलं, हे जवळजवळ ठरूनच जातं. दुसऱ्या दिवशी डबी भरल्यापासून अर्ध्या तासात लॅबच्या काउंटरवर होती. या वेळी एका दृश्यक्षेत्रात २५ ते ३० तांबड्या पेशी निघाल्या. पाचाच्या वर गेल्या तर दखल घ्यायची असते. "डिस्मॉर्फिक" असा शेराही होता, म्हणजे वेड्यावाकड्या, गाळणीच्या फटीतून पिळवटून बाहेर पडलेल्या. प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५५. निरोगी मुलात ते ०.२ च्या आत असतं.

या गुणोत्तराची युक्ती मला, हिशेबाच्या माणसाला, फार आवडली. लघवी कधी पातळ, कधी दाट. नुसतं प्रोटीन मोजलं तर मूल किती पाणी प्यायलं त्यावर आकडा हलणार. पण क्रिएटिनिन शरीरातून दिवसभर साधारण एकाच गतीने बाहेर पडतं, म्हणून त्याने भागलं की पातळ-दाटचा प्रश्न मिटतो. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवत बसायला नको. सात वर्षांच्या मुलाकडून ती कशी साठवून घ्यायची, हे ज्याने सुचवलं असेल त्याने स्वतः करून बघावं.

आठवड्याने दुसऱ्या लॅबमधून तीच तपासणी केली, कारण ती घराजवळ होती. आकडा आला ६२.

मी जिन्यातच बसले. ०.५५ चे ६२! शंभरपट! नवऱ्याला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून धड वाक्य निघेना. आयुष्यभर लोकांना "एकक तपासा, एकक तपासा" म्हणून सांगणारी मी, पण रिपोर्टवर आकड्यापुढे काय छापलंय ते पाहिलंच नव्हतं. पहिल्या लॅबचा हिशेब मिलिग्रॅमला मिलिग्रॅम, दुसरीचा मिलिग्रॅमला मिलिमोल. दोन्हींच्या मध्ये ११३ चा गुणक. ०.५५ गुणिले ११३ म्हणजे ६२ आणि थोडंसं. आकडा जागचा हललाही नव्हता. तेव्हापासून वहीत एककाचा वेगळा रकाना आला आणि आम्ही लॅब बदलणं बंद केलं.

बालमूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो तेव्हा हातात रिपोर्टांची फाइल होती आणि मनात एक जमेची बाजू, की सीरम क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन, नॉर्मल आहे. आकडा ०.६. त्याच्यापुढे ना तारा, ना "जास्त"ची खूण. उलट आजाराच्या पहिल्या आठवड्यात ते ०.४ होतं आणि त्यापुढे "कमी" अशी खूण होती. मला वाटलं, बरं झालं, कमी होतं ते आता नॉर्मल झालं.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "उंची किती याची?"

"एकशे बावीस."

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, ०.४१३ गुणिले १२२, भागिले ०.४. उत्तर १२६. त्याखाली तेच, फक्त भागिले ०.६. उत्तर ८४.

"हा याच्या किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज. मुलांसाठी ९० च्या वर असावा. रिपोर्टवर जी मर्यादा छापली आहे, ०.६ ते १.२, ती मोठ्या माणसांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. याचे स्नायू केवढेसे, म्हणून याचं क्रिएटिनिन ०.४ च असायला हवं. तिथे खूण होती, पण आकडा चांगला होता. आता खूण नाही, पण आकडा दीडपट झालाय."

मी त्या ०.६ कडे बघत राहिले. नापास आकडा आहे हा, आणि त्याच्या अंगावर एक ओरखडा नाही. माझ्या धंद्यात असे आकडे पाहिलेत मी. ताळेबंद जुळतो, लाल शाई कुठेच नाही, आणि तरी दुकान बुडत असतं.

(ते सूत्र श्वार्ट्झ यांचं. १९७६ मधलं मूळ, २००९ मध्ये सुधारून सोपं केलेलं. उंची सेंटिमीटरमध्ये, क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. मुलाच्या क्रिएटिनिनचा कुठलाही रिपोर्ट हाती आला तर उंची मोजून हा भागाकार घरी करता येतो. निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, पण प्रश्न तर आपल्याला विचारता येतो.)

त्याच भेटीत त्यांनी आणखी रक्त घ्यायला सांगितलं. सिस्टॅटिन सी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. शरीरातल्या केंद्रक असलेल्या सगळ्याच पेशी हे लहानसं प्रोटीन तयार करतात, त्यामुळे स्नायू किती याच्यावर ते क्रिएटिनिनइतकं अवलंबून नसतं. "आत्ताच करून घेऊ," त्या म्हणाल्या, "पुढे स्टेरॉइड द्यावं लागलं तर त्यानेच हा आकडा वर जातो, मग वाचायला अवघड." स्टेरॉइड हा शब्द तिथे पहिल्यांदा आला आणि आम्ही दोघांनीही ऐकला नसल्यासारखं केलं. सिस्टॅटिनचा कौलही क्रिएटिनिनच्याच बाजूने आला, गाळण मंदावली आहे.

बाकी रक्ताच्या तपासण्या म्हणजे एकेका संशयिताला बाहेर काढणं. सी३ नावाचं पूरक प्रोटीन घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर होणाऱ्या नेफ्रायटिसमध्ये, म्हणजे किडनीच्या दाहात, खाली जातं आणि सहसा सहा-आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, सी३ आणि त्याचं भावंड सी४ दोन्ही घसरतात. आमच्याकडे दोन्ही व्यवस्थित. ल्युपसचा संशय तपासणारी एएनए नकारात्मक. सीआरपीही नॉर्मल! ते पाहून मी विचारलंच, "मग दाह कुठे आहे? सीआरपी दाहाचीच ना?"

"सीआरपी साऱ्या शरीराची बातमी देते," डॉक्टर म्हणाल्या. "किडनीच्या एका कोपऱ्यात धग असेल तर तिच्यापर्यंत बातमी पोचेलच असं नाही."

"मग किडनीतला दाह मोजणारी तपासणी कोणती?"

पुढचं वर्षभर मी याच प्रश्नाला चिकटून होते, म्हणून त्यांचं उत्तर जरा सविस्तर सांगते. त्या म्हणाल्या, आपल्याकडे जे रोजचे आकडे आहेत त्यांतला एकही दाह थेट मोजत नाही. प्रोटीन सांगतं की गाळणी गळतेय. तांबड्या पेशी सांगतात की गाळणीला भेगा आहेत. क्रिएटिनिन सांगतं की एकूण गाळण किती उरली, आणि तेही उशिरा, कारण किडनीत राखीव ताकद भरपूर असते. बराच भाग कामातून गेला तरी उरलेला जोर लावून आकडा सावरून धरतो. दाह स्वतः बघायचा तर तुकडा काढून बघावा लागतो.

तो दिवस दोन आठवड्यांनी आलाच. गुणोत्तर १.४, क्रिएटिनिन ०.७ (खूण नाही!), सूत्राने ७२. रक्तदाब त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या तक्त्यात ९५ व्या शतमकाच्या वर, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव मुलांपेक्षा जास्त. ११४ वर ७६ हा आकडा माझ्यासाठी उत्तम, त्याच्यासाठी नाही. मुलांचा रक्तदाबही असा तक्त्यात शोधावा लागतो.

बायोप्सीबद्दल लिहिलेलं मी आधी इतकं वाचलं होतं की प्रत्यक्षात ती लहानशीच निघाली. रक्त गोठण्याच्या तपासण्या, प्लेटलेट, रक्तगट. मग झोपेचं औषध, पालथं झोपवून पोटाखाली उशी. सोनोग्राफीच्या पडद्यावर किडनीचं खालचं टोक. डॉक्टर स्प्रिंगच्या सुईचा "टक" असा आवाज त्याला आधी ऐकवून ठेवत होत्या, "असा आवाज येईल हं, फक्त आवाज." दोन वेळा टक. शेवयांसारखे दोन बारीक तुकडे द्रावणात तरंगताना मला दारातून दिसले. एवढ्याशा धाग्यांत आमचं उत्तर होतं.

अवघड होती ती पुढची रात्र. चोवीस तास उताणं पडून राहायचं, रक्तदाब घटकाघटकाला, आणि प्रत्येक लघवी वेगळ्या पारदर्शक डबीत घेऊन वेळ लिहून खिडकीत ओळीने मांडायची. पहिली डबी लालसर. दुसरी चहाच्या रंगाची. तिसरी त्याहून फिकी. नर्सताई दर फेरीला खिडकीशी वाकून ओळ बघायच्या. पहाटे सहावी डबी पिवळी दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तुम्ही झोपा." एवढे सगळे रिपोर्ट वाचले, पण त्या ओळीइतका सरळ वाचता आलेला एकही नव्हता.

पॅथॉलॉजीचा निकाल: तुकड्यात १८ ग्लोमेरुलस, म्हणजे गाळणीचे गुच्छ. त्यांतल्या तिघांत चंद्रकोरी. चंद्रकोर हा शब्द इतका गोड आणि अर्थ इतका वाईट! गुच्छाच्या भोवतीच्या पिशवीत पेशी दाटून चंद्रकोरीचा आकार घेतात आणि आतल्या गुच्छाला दाबतात. दाह जोरात असल्याची ती खूण. चकाकत्या रंगाच्या तपासणीत आयजीए या प्रतिपिंडाचा थर. निम्म्याहून कमी गुच्छांत चंद्रकोरी, म्हणून तिसरी श्रेणी. आणि दिलासा एवढाच की चंद्रकोरी ताज्या होत्या, पेशींच्या. वण धरलेल्या जुन्या नव्हत्या. ताज्या असतील तर औषधाला जागा असते.

बायोप्सीच्या आदल्या संध्याकाळी संशोधनाच्या कामावरची एक तरुण मुलगी आमच्या खाटेशी आली होती. मुलांच्या किडनीच्या दाहाचे लघवीतले निर्देशक, म्हणजे बायोमार्कर, शोधण्याचा अभ्यास चालू आहे, बायोप्सीच्या दिवशी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत थोडी जास्त लघवी द्याल का, असं विचारायला. संमतिपत्र आमच्यासाठी, आणि चित्रांचं एक पान त्याच्यासाठी. त्याचीही हो हवी होती. त्याने चित्रं नीट बघून प्रश्न विचारला, "माझी शू कुठे ठेवणार?"

"फ्रीजरमध्ये. उणे ऐंशी अंशांवर."

"आइस्क्रीमपेक्षा थंड?"

"खूपच थंड."

त्याने ताबडतोब होकार दिला. शाळेत सांगण्यासारखी एवढी मोठी गोष्ट त्याच्याकडे पहिल्यांदाच आली होती.

तिने मला निर्देशकांची नावं सांगितली आणि मी त्या रात्री वहीत चार नवे रकाने आखले. एनगॅल, किम-१, एमसीपी-१, सीडी१६३. एनगॅल मुळात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत सापडलेलं प्रोटीन. किडनीच्या नळीच्या पेशींना इजा झाली की त्या ते भराभर बनवून लघवीत सोडतात. २००५ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांवरच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या किडनीला इजा झाली त्यांचं एनगॅल दोन तासांत वर गेलं होतं. क्रिएटिनिन हलायला मात्र एक ते तीन दिवस लागले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अतिदक्षता विभागातल्या मुलांसाठी, वय तीन महिने ते एकवीस वर्षं, लघवीतल्या एनगॅलच्या तपासणीला मान्यता दिली. किम-१ हेही नळीच्या जखमेचंच. एमसीपी-१ म्हणजे दाहाच्या जागी मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावणारा निरोप. सीडी१६३ त्या बोलावलेल्या आणि मॅक्रोफेज बनून बसलेल्या पेशींच्या अंगावरून सुटून लघवीत येतं. चंद्रकोरी तयार होतात तिथे या पेशींची गर्दी असते, म्हणून मोठ्यांच्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये आणि ल्युपसच्या नेफ्रायटिसमध्ये त्याच्याकडून बऱ्याच आशा आहेत. मुलांच्या ल्युपससाठी तर सहा प्रोटीनं एकत्र मोजून एकच गुण काढायची पद्धतही तयार झाली आहे. त्या सहांत एनगॅल, एमसीपी-१ आणि किम-१ आहेतच.

मी म्हटलं, "हेच तर मी विचारत होते! मग हे आकडे आम्हाला कधी मिळणार?"

"नाही मिळणार," ती म्हणाली. नमुन्यावर नाव नसतं, फक्त संकेतांक. आणि या आजारात त्या आकड्यावरून औषध वाढवायचं की कमी करायचं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून कोणालाच कळवत नाहीत. मला राग आला. माझ्या मुलाच्या शरीरातला आकडा, आणि मलाच नाही? नंतर डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेत इजा कधी झाली तो मिनिट माहीत असतो. इथे घड्याळ कोणीच लावलेलं नाही. शिवाय साधा लघवीचा जंतुसंसर्ग झाला तरी पांढऱ्या पेशींमुळे एनगॅल वर जातं. "समजा आज त्याचा आकडा मोठा आला. तुम्ही रात्रभर झोपणार नाही, आणि मी त्यावर काय करायचं ते मला सांगता येणार नाही. असा आकडा हवाय तुम्हाला?"

६२ आठवला. गप्प बसले.

तीन दिवस शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन, मग तोंडाने प्रेडनिसोलोन, जोडीला एनालाप्रिल. स्टेरॉइडचं सगळं तुम्ही ऐकलेलं असतंच. गाल फुगले, भूक अनावर, झोप उडाली, रागाचे झटके. त्यावर वेगळं लिहिण्यात अर्थ नाही. एनालाप्रिलचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे मी पुन्हा फसणार होते. ते गाळणीतला दाब उतरवतं, त्याने प्रोटीनची गळती कमी होते, पण सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वर जाऊ शकतं. म्हणून आठ-दहा दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात. म्हणजे आकडा वाढला तर तो आजाराने की औषधाने, हा नवा पेच. आमच्याकडे सुदैवाने उतरलाच. सहाव्या आठवड्यात ०.५, आठव्यात ०.४, आणि रिपोर्टवर "कमी"ची खूण परत आली. ती खूण बघून मी एवढी हसले की काउंटरवरच्या मुलाने काळजीने विचारलं, "मॅडम, सगळं ठीक ना?"

सहा महिन्यांनी स्टेरॉइड बंद झालं. तांबड्या पेशी एका दृश्यक्षेत्रात दोन-तीनवर आल्या, रक्तदाब तक्त्यात खाली बसला. फक्त गुणोत्तर ०.४ वर येऊन अडकलं. महिना गेला, ०.३८. आणखी एक महिना, ०.४१. पुढे सरकेना, मागेही जाईना.

इथे तो जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला, आणि या वेळी नुसता कुतूहलापोटी नव्हता. हे ०.४ म्हणजे निखारा आहे की वण? आत अजून दाह धुमसतोय म्हणून गाळणी गळतेय, की दाह विझलाय आणि जिथे चंद्रकोरी होत्या तिथे वण राहून तेवढी जागा कायमची झिरपतेय? निखारा असेल तर स्टेरॉइड परत सुरू करावं लागणार. वण असेल तर स्टेरॉइडचा काडीचा उपयोग नाही, फक्त गाल पुन्हा फुगणार. आणि प्रोटीनचा आकडा दोन्हीकडे तोच येतो. हा भेद करता यावा म्हणूनच तर ते चार निर्देशक शोधले जातायत. फ्रीजरमधल्या त्या डब्यांत कदाचित याचं उत्तर गोठून पडलंय, हे मला त्या महिन्यांत रोज आठवायचं.

डॉक्टरांनी उत्तर जुन्याच साधनांनी काढलं. ताजी लघवी स्वतः यंत्रात गरगर फिरवून तळाचा गाळ घेतला, स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि मलाही बघायला बोलावलं. फिकट, जवळजवळ रिकामं वर्तुळ. एका कडेला एकच तांबडी पेशी. "पहिल्या वेळी इथे गर्दी होती. वेड्यावाकड्या पेशी, एक कास्टसुद्धा होता. आता शांत आहे. धग असती तर ती इथे दिसली असती, निदान मला तरी तसं वाटतं." तेवढ्यावर त्यांनी ठरवलं की स्टेरॉइड नाही, एनालाप्रिल चालू ठेवायचं, दर महिन्याला गुणोत्तर, आणि ते चढायला लागलं किंवा पेशी परत आल्या तर दुसऱ्या बायोप्सीचा विचार. "निदान मला तरी" हे त्यांनी जोडलं, त्याचं मला बरं वाटलं. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये आपल्या रुग्णांची वर्णनं छापली तेव्हा लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत, साकळली की प्रोटीन आहे असं समजत. दोनशे वर्षं होत आली. आम्ही अजून प्रोटीनच मोजतो, आणि अजून डोळा लावून बघतो.

पुढच्या चार महिन्यांचे आकडे असे: ०.३६, ०.३३, ०.२७, ०.२४.

मागच्या भेटीत संशोधनवाल्या मुलीने शेवटचा नमुना घेतला. अभ्यासातला आमचा भाग संपला. लेक आता आठ वर्षांचा आहे, उंची १२७, आणि डबीवर स्वतःच्या हाताने संकेतांक लिहितो. डबी देताना त्याने तिला विचारलं, "माझी पहिली शू अजून तिथेच आहे?"

"आहे ना. सगळ्या ओळीने आहेत."

"मग कधी उघडणार?"

"सगळ्या मुलांच्या जमल्या की एकदम. अजून वेळ आहे."

घरी येऊन मी वही भरली. तारीख, उंची, ०.२४, एकक, पेशी १ ते २, क्रिएटिनिन ०.४ (खूण: कमी). पुढचे चार रकाने, एनगॅल, किम-१, एमसीपी-१, सीडी१६३, आखल्यापासून रिकामे आहेत. ताई म्हणते, नव्या वहीत ते आखू नकोस, उगाच जागा जाते. मी आखलेत.